कानाझावा: आई-बाबा, घाट चढणारी शिन्कान्सेन आणि पाणी खेळवणारं शहर

जुनं जपान बघायचं म्हटलं की सगळे क्योतोला जातात, आम्हीही जाऊन आलोय आणि ते सुंदरच आहे, पण यावेळी आई-बाबा पुण्याहून आले तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं होतं की त्यांना आधी कानाझावा दाखवायचं आणि तिथे निवांत राहायचं, क्योतो मग परतीच्या वाटेवर. कानाझावा म्हणजे होन्शू बेटाच्या पलीकडच्या बाजूला, जपानच्या समुद्राच्या किनाऱ्यालगतचं शहर. सरदार मायेदा घराण्याची राजधानी. दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्ब पडले नाहीत, त्यामुळे जुने रस्ते, जुने कालवे, लाकडी घरं बरीचशी जागच्या जागी आहेत आणि मुख्य म्हणजे ती अजून वापरात आहेत. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा निवडला कारण झाडांचे रंग अजून उतरलेले नसतात आणि बागेत बर्फाची तयारी सुरू झालेली असते, दोन्ही एकदम बघायला मिळतं.

शुक्रवार

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो, म्हणजे जिथे तूरडाळ आणि कढीपत्ता चालत जाऊन मिळतो तो भाग. तिथून तोझाई लाईनने ओतेमाची आणि मग जमिनीखालूनच चालत तोक्यो स्टेशन. गाडी कागायाकी. ही होकुरिकु शिन्कान्सेनची, म्हणजे इकडच्या बुलेट ट्रेनची, सगळ्यात कमी थांबे घेणारी गाडी, सगळ्या सीट रिझर्व्ह, त्यामुळे आयत्या वेळी जाऊन चढू असं चालत नाही, तिकीट महिनाभर आधी सुटतं तेव्हाच काढून ठेवलं होतं. एका माणसाचं 14 हजार येनच्या वर जातं. थोडा वेळ चालत असेल तर हाकुताका बघा, ती जास्त ठिकाणी थांबते, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो पण तिला बिनरिझर्व्ह डबे असतात.

सीट घेताना एक लक्षात ठेवा, तोक्योहून जाताना डावीकडच्या डी आणि ई घ्या. तोयामाच्या पुढेमागे हवा स्वच्छ असेल तर तातेयामाचे बर्फाचे डोंगर त्याच बाजूला दिसतात. उजवीकडे तीन सीट आहेत आणि मध्येच थोडासा समुद्र दिसतो, पण तो बोगद्यांच्या मधून मधून, डोळ्यात भरेपर्यंत गेलेला असतो.

बाबा सेंट्रल रेल्वेत होते, बरीच वर्षं लोणावळ्याला काढली, त्यामुळे त्यांचं लक्ष बाहेरच्या डोंगरांपेक्षा गाडीवरच होतं. ओमिया सोडल्यावर कागायाकी थेट नागानोपर्यंत थांबत नाही आणि मध्ये ताकासाकीनंतर ती डोंगर चढायला लागते. या घाटाचं नाव उसुई. जुनी रेल्वे इथून 1893 ला सुरू झाली, चढ इतका भयंकर की पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आधी मध्ये दात्यांचा रूळ टाकून गाड्या चढवायचे, नंतर तो काढला आणि जास्तीची इंजिनं लावायला लागले. बाबांना हे सांगितलं तसे ते एकदम सरळ बसले, “म्हणजे बँकर!” हो, बँकरच, घाट चढायला लावतात ते जादा इंजिन. योकोकावा नावाच्या स्टेशनात प्रत्येक गाडी थांबायची, इंजिन जोडायचे, तेवढ्या वेळात फलाटावर मातीच्या छोट्या मडक्यातला गरम भात विकायला यायचा. 1958 पासून तो भात प्रसिद्ध झाला आणि आजही तोक्यो स्टेशनच्या डब्यांच्या दुकानात मिळतो. बँकर लागेपर्यंत कर्जतला खाल्लेला दिवाडकरांचा वडा आठवतो ना, अगदी तीच गोष्ट, रेल्वेच्या गरजेतून जन्मलेला खाऊ.

जुनी लाईन 30 सप्टेंबर 1997 ला बंद झाली, दुसऱ्याच दिवशी नागानोपर्यंतची शिन्कान्सेन सुरू. आता शिन्कान्सेन ज्या चढाने जाते तो साधारण तेहतीसला एक आहे आणि आपला बोरघाट सदतीसला एक, म्हणजे ही गाडी खंडाळ्यापेक्षा जास्त चढ बँकरशिवाय आणि तोही जोरात चढते. बाबांनी लगेच विचारलं मोटारी कुठे आहेत, तर बारा डब्यांपैकी दहा डब्यांना मोटारी आहेत, इंजिन असं वेगळं नाहीच, जवळजवळ प्रत्येक डबा आपला आपण चढतो. “वंदे भारतचं पण आता असंच आहे, तिला पण बँकर लागत नाही,” असं ते माझ्या नवऱ्याला समजावत होते आणि तो मन लावून ऐकत होता. आणखी एक गंमत बाबांना फार आवडली. जपानच्या पूर्व भागात वीज 50 हर्ट्झची आणि पश्चिम भागात 60 ची, ही लाईन दोन्हीतून जाते, त्यामुळे ही गाडी दोन्हीवर चालेल अशी बनवलेली आहे आणि मध्ये वीज बदलली तरी आपल्याला काही कळत नाही.

आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या आणल्या होत्या. शिन्कान्सेनमध्ये डबा खाणं अगदी रीतसर आहे, सगळेच खातात, त्यामुळे आम्हीही नागानोच्या आसपास डबा उघडला. नागानोनंतर पुन्हा लांबच लांब बोगदे, त्यातला ईयामाचा बोगदा एकटाच 22 किलोमीटरचा. तो संपला की हवाच वेगळी, इकडे तोक्योला लख्ख ऊन होतं आणि पलीकडे भरून आलेलं आभाळ. तातेयामा मात्र दिसले, ढगांच्या वर पांढरी रांग, आईने हात जोडले. अडीच तासात कानाझावा. 14 मार्च 2015 च्या आधी हाच प्रवास मध्ये गाडी बदलून जवळजवळ चार तासांचा होता.

स्टेशनबाहेर आलं की डोक्यावर भलामोठा काचेचा घुमट आणि समोर त्सुझुमी-मोन, लाकडी दरवाजा, दोन्ही खांब पिळ दिलेले, नो या जुन्या जपानी नाटकात वाजवतात त्या छोट्या ढोलाच्या आकारावरून केलेले. उंची 13.7 मीटर. 2005 मधला आहे, जुना नाही, पण नो नाटकाशी या गावाचं नातं खरंच जुनं आहे. मायेदा सरदारांनी नो ला इतका आश्रय दिला की माळी आणि घरं शाकारणारे कारागीरसुद्धा काम करता करता ती गाणी म्हणायचे, म्हणून कानाझावात आभाळातून गाणी पडतात असं म्हणायची पद्धत होती. घुमटही उगाच नाही, इथे पाऊस-बर्फ सतत. “डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस” ही या भागातली म्हण आहे.

राहायला आसानो नदीच्या जवळ एक जुनं लाकडी घर घेतलं होतं, तातामी आणि फुतोन, म्हणजे जमिनीवर गवती चटया आणि त्यावर गाद्या. बाबांच्या गुडघ्यांसाठी खाली पलंग असलेली एक खोली आहे हे आधीच विचारून घेतलं होतं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे नक्की विचारा. संध्याकाळी फक्त नदीकाठाने काझुए-माची या जुन्या मोहल्ल्यापर्यंत चाललो, दिवे लागले होते, रस्त्यात माणूस जवळजवळ नाही. मी सगळ्यांना हेच सांगते, ट्रेन अडीच तासांवर आली म्हणून सकाळी येऊन रात्री परत जाऊ नका. अकरा ते चार या शहरात गर्दी असते, त्याच्या आधीचं आणि नंतरचं कानाझावा बघायला इथे मुक्कामच हवा.

शनिवार

केनरोकुएन बाग पहाटे फुकट उघडते. नोव्हेंबरात सहाला, ठरावीक दरवाजातून आत सोडतात आणि आठला तिकिटाची वेळ सुरू व्हायच्या आधी बाहेर पडायचं. एरवीही तिकीट 320 येनच आहे आणि 65 च्या वरच्यांना फुकट, वयाचा पुरावा लागतो, आई-बाबांचे पासपोर्ट बरोबर ठेवले होते. आम्ही पहाटे गेलो आणि नंतर परत तिकीट काढूनही गेलो, कारण एकदा बघून पोट भरत नाही.

ही जपानातल्या तीन मोठ्या बागांपैकी एक. सरदारांच्या पिढ्यांनी जवळजवळ दोनशे वर्षं हळूहळू वाढवलेली, 11 हेक्टरच्या वर. नावात सहा गुणांचा उल्लेख आहे, मोकळी जागा आणि एकांत, माणसाची कारागिरी आणि जुनेपणा, पाणी आणि लांबवरची दृश्यं. मुद्दा असा की यातली प्रत्येक जोडी एकमेकांच्या विरुद्ध आहे, बाग मोकळी केली की एकांत जातो, पाणी खोलगट जागी असतं आणि लांबचं दृश्य उंचावरून दिसतं, आणि इथे ती सगळी एकत्र आहेत. हे आधी वाचलेलं होतं पण तळ्याच्या काठावर उभं राहिल्यावर ते पटलं, कारण कासुमिगाइके तळं टेकडीवर आहे. एवढं पाणी टेकडीवर आलं कसं?

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते म्हणून जरा सविस्तर सांगते. 1631 ला कानाझावात मोठी आग लागली, किल्लाही जळाला, विझवायला वर पाणी नव्हतं. तेव्हा तिसरे सरदार मायेदा तोशित्सुने यांनी इताया ह्योशिरो नावाच्या माणसाला काम दिलं आणि त्याने 1632 मध्ये, वर्षभराच्या आत, साई नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडवून तिथून सुमारे 11 किलोमीटरचा कालवा इथपर्यंत आणला, त्यातला बराचसा भाग डोंगरातून बोगदा खणून. उतार अगदी थोडा थोडा ठेवलेला. आणि शेवटी बाग आणि किल्ला यांच्या मध्ये खंदक होता, तर पाणी नळातून खाली उतरवून खंदकाखालून पलीकडे परत वर चढवलं. पंप नाही, काही नाही, फक्त उंचीतला फरक. आधी लाकडी नळ होते, पुढे दगडाचे केले. तात्सुमी कालवा म्हणतात त्याला आणि तो आजही वाहतोय, बागेतले सगळे ओढे त्याच पाण्यावर. तळ्याच्या खालच्या अंगाला एक कारंजं आहे, 1861 चं, जपानातलं सगळ्यात जुनं असं मानतात, तेही तळ्याच्या पाण्याच्या दाबावर आपोआप उडतं, साडेतीन मीटरच्या आसपास. तळ्याची पातळी वरखाली झाली की कारंज्याची उंचीही बदलते. बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

मग युकीत्सुरी. इथला बर्फ ओला आणि जड असतो, फांद्या मोडतात, म्हणून झाडाच्या मधोमध उंच बांबू किंवा खांब उभे करून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोरी बांधतात, छत्रीच्या काड्यांसारखी गोल. काम 1 नोव्हेंबरला सुरू होतं आणि पहिला मान कारासाकी पाइनचा. या एका झाडाला पाच खांब आणि सुमारे 800 दोऱ्या. तेराव्या सरदाराने बिवा तळ्याकाठच्या कारासाकीहून बी आणून वाढवलेलं हे झाड, फांद्या तळ्यावर पसरलेल्या. आम्ही होतो तेव्हा बागेच्या दुसऱ्या भागात अजून काम चालू होतं, माळी वर चढून एकेक दोरी खाली सोडत होता, खालचा माणूस ती पकडून फांदीला गाठ मारत होता, एकमेकांशी बोलत नव्हते तरी हात बरोबर चालत होते. आई बराच वेळ नुसती बघत उभी राहिली, म्हणाली, “झाडासाठी एवढं करतात बाई.”

कोतोजीचा दगडी दिवा, दोन पायांचा, एक पाय पाण्यात आणि एक काठावर, त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पहाटे गेलं तर तिथे रांग न लावता उभं राहता येतं. बागेत एक ब्राँझचा पुतळाही आहे, प्राचीन राजपुत्र यामातो ताकेरूचा, 1880 चा. यावर कबुतरं बसत नाहीत हे एका प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी शोधून काढलं की धातूत आर्सेनिक जास्त आहे, या संशोधनाला 2003 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. कानाझावा विद्यापीठाचे युकिओ हिरोसे. खरंच एकही कबुतर नव्हतं.

बागेतल्या चहाघरात मात्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा घेतला, बरोबर वागाशी, म्हणजे पांढऱ्या बीन्सच्या गोड सारणाची मिठाई, मेपलच्या पानाच्या आकाराची. वागाशीसाठी क्योतो, मात्सुए आणि कानाझावा ही तीन गावं नावाजलेली. शाकाहारी माणसाला जपानात बिनधास्त खाता येणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. आईला मात्चा कडू लागला पण वागाशी खाऊन त्यावर घोट घेतल्यावर जमलं, ते खायचंही तसंच असतं, आधी गोड मग चहा.

किल्ला बागेच्या समोरच, पूल ओलांडला की इशिकावा दरवाजा, 1788 चा. मायेदा तोशीइए 1583 ला इथे आले. मुख्य मनोरा 1602 ला वीज पडून जळाला आणि परत कधी बांधला नाही. 1881 च्या आगीत उरलेलं बरंच गेलं, मग लष्कर होतं, युद्धानंतर विद्यापीठ भरायचं किल्ल्यात. ते बाहेर हलल्यावर जुन्या पद्धतीने परत उभारणी सुरू झाली, हिशी बुरूज आणि लांब कोठार 2001 ला पूर्ण झालं. आत नक्की जा. बुरुजाचे कोपरे काटकोनात नाहीत, 80 आणि 100 अंशांचे आहेत, त्यामुळे आतला प्रत्येक खांबही तिरका चौकोनी कापावा लागला. छपराची कौलं शिशाची आहेत म्हणून लांबून पांढरट दिसतात. तटाचे दगड तोमुरो डोंगरातले, तांबूस आणि निळसर, आणि पाथरवटांच्या खुणा अजून दिसतात त्यांच्यावर. 1 जानेवारी 2024 च्या नोतो भूकंपात काही ठिकाणी तट ढासळले. ते दगड नंबर घालून ओळीने मांडून ठेवतात, प्रत्येक दगड पुन्हा स्वतःच्या जागेवर बसवण्यासाठी. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुपारी ओमिचो बाजार. तीनशे वर्षं जुना, पावणेदोनशेच्या आसपास दुकानं, नोव्हेंबरात सगळीकडे खेकडे आणि आईला त्या वासाचा त्रास व्हायला लागला म्हणून आम्ही भाज्यांच्या बाजूला वळलो आणि ते बरंच झालं, कारण इथल्या कागा (या प्रांताचं जुनं नाव) भाज्या वेगळ्याच आहेत. कागाचं कमळकाकडीचं कंद किसून वाफवलं तरी बांधून राहतं इतकं चिकट, गोरोजिमाची रताळी, किंजिसो नावाची पालेभाजी जिची पानं खालून जांभळी. भाजलेलं रताळं घेतलं, आईने उपवासाला चालेल म्हणून प्रशस्तिपत्रक दिलं. जेवणाचा प्रश्न मात्र खरा आहे, भाजीतही माशाचं दाशी, म्हणजे रश्शाला घालायचा अर्क असतो, अगदी साध्या सोबा नूडल्सच्या रश्शातही. मी जपानी बोलते त्यामुळे विचारून विचारून एका छोट्या हॉटेलात कोंबूच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या रश्शातला फू मिळाला. फू म्हणजे गव्हाच्या पिठातलं चिवट सत्त्व, कानाझावाची जुनी खासियत. भाषा येत नसेल तर “मांस नाही, मासे नाही, माशाचं दाशीही नाही” हे जपानीत लिहून बरोबर ठेवा आणि दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या तर ठेवाच.

रात्री भयंकर विजा कडाडल्या. हिवाळ्याच्या तोंडावर इथे असंच होतं, कानाझावा जपानातल्या सगळ्यात जास्त विजांच्या शहरांपैकी आहे, आणि या गडगडाटाला इकडचे लोक बुरी मासे जागे करणारा गडगडाट म्हणतात, तो झाला की बुरी माशांचा हंगाम.

रविवार

सकाळी हिगाशी चाया. 1820 ला सरदाराच्या कारभाऱ्यांनी शहरात विखुरलेली चहाघरं एका जागी आणली तो हा मोहल्ला. चहाघर म्हणजे गेइशांचं गाणं-नाच बघायच्या जागा. त्या काळी साध्या माणसाला दुमजली घर बांधायला परवानगी नव्हती, चहाघरांना होती, म्हणून हे रस्ते वेगळे दिसतात. लाकडी जाळ्या बघा नीट, पट्ट्या बाहेरून रुंद आणि आतून निमुळत्या, त्यामुळे आतून रस्ता दिसतो पण रस्त्यावरून आत दिसत नाही. शिमा नावाचं घर त्याच वर्षीचं आहे, मूळ रचनेत जपलेलं, आत जाता येतं. वरच्या मजल्यावर कपाटं नाहीत कारण तिथे कुणी राहायचं नाही, फक्त मैफल. भिंती गडद लाल.

सोन्याच्या वर्खाची दुकानंही इथेच. जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात होतो, 98-99 टक्के, क्योतोच्या सुवर्णमंदिरावर 1987 ला चढवलेलाही इथलाच. सोन्यात थोडी चांदी, थोडं तांबं घालून पत्रा करतात आणि मग खास कागदांच्या थरांत घालून ठोकत ठोकत मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत आणतात. 10 येनच्या नाण्याएवढ्या सोन्याचा एका तातामीएवढा वर्ख होतो म्हणतात. खरी विद्या सोन्यापेक्षा कागदात आहे असं कारागीर सांगतात, हाताने केलेला कागद गवताच्या राखेच्या पाण्यात आणि पर्सिमनच्या रसात बुडवून, ठोकून, महिनोन् महिने तयार करायचा. ठोकून ठोकून दमलेला कागद मग चेहऱ्याचं तेल टिपायला विकला जायचा, गेइशांची पसंती त्यालाच. इथल्या हवेत दमटपणा आहे म्हणून वर्ख उडत नाही, चिकटत नाही, असंही कारण देतात. सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम सगळे खातात, हजार येनच्या आसपास, चव साध्या व्हॅनिलाची. मी म्हणेन त्या पैशात वर्ख लावायचा छोटा वर्ग करा, तासाभरात एक डबी आपण स्वतः सजवतो. आईने केली, तिचा हात इतका स्थिर की शिकवणाऱ्या बाईंनी दुसऱ्या मुलींना बोलावून दाखवली.

आता हे एवढं सगळं इथेच का, यामागे राजकारण आहे. मायेदांची जहागीर दहा लाख कोकूंची, एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, सोडला तर देशात एवढं उत्पन्न कुणाचंच नाही, म्हणून शोगुनचा कायम संशय. तोशीइए गेल्यावर त्यांची बायको मात्सू 1600 साली स्वतः ओलीस म्हणून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेली आणि 14 वर्षं तिथे राहिली, घराणं वाचावं म्हणून. तिसरे सरदार तोशित्सुने तर नाकातले केस मुद्दाम वाढवून वेडगळ असल्याचं दाखवायचे अशी गोष्ट सांगतात, हा माणूस बंड काय करणार असं शोगुनला वाटावं म्हणून. आणि पैसा घातला तो कलांमध्ये. किल्ल्यात हत्यारं दुरुस्त करायचा कारखाना होता, तोच पुढे लाखकाम, धातूकाम, अशा कारागिरीची कार्यशाळा झाला. इतर प्रांतांतून उस्ताद बोलावले. म्हणजे लढाईऐवजी हातकाम ही इथे पिढ्यान् पिढ्यांची राजनीती होती आणि तिची फळं हे शहर अजून खातंय, युनेस्कोने 2009 ला हस्तकलांचं शहर म्हणून निवडलंय. मला कानाझावा क्योतोपेक्षा जवळचं वाटतं ते यासाठी. क्योतोत बघताना आपण सम्राटांच्या वैभवापुढे उभे असतो, इथे कारागिरांच्या घरात असल्यासारखं वाटतं.

सावधगिरीही सोडली नव्हती म्हणा. दुपारी साई नदीपलीकडे म्योर्यूजी मंदिर, लोक निन्जा मंदिर म्हणतात पण निन्जांशी संबंध नाही, 1643 ला इथे आणलं गेलं. तीनमजली किंवा त्याहून उंच बांधायला शोगुनची बंदी, म्हणून बाहेरून दुमजली आणि आतून चार मजले सात पातळ्या, 23 खोल्या, 29 जिने. दानपेटी खड्ड्यावर, पायऱ्यांना कागद लावलेला की शत्रूच्या पायांची सावली आतून दिसावी. आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, माहिती जपानीत सांगतात, मी हळूच मराठीत सांगत होते. जिने अरुंद आणि उभे आहेत, बाबांनी केलं पण गुडघे दुखत असतील तर विचार करून जा.

नागामाचीला सामुराईंच्या मातीच्या भिंतींमधून चाललो, कडेने कालवा खळखळतोय, नोमुरा घराची छोटी बाग बघितली, व्हरांड्याच्या पायाशी पाणी. भिंतींना बर्फापासून वाचवायला गवताच्या चटया लावतात पण ते डिसेंबरात. शेवटी दाइसेत्सु सुझुकी संग्रहालय. झेन विचार जगभर पोचवणारे हे विद्वान 1870 ला याच गावात जन्मले. वस्तू अगदी थोड्या, पाण्याचा एक उथळ चौक आणि बसायला जागा, वास्तुकार योशिओ तानिगुची. आई-बाबा तिथे अर्धा तास बसले. 21व्या शतकाचं कला संग्रहालय जवळच आहे, काचेचं गोल, तरुण मंडळी बरोबर असतील तर ते आवडेल, पाण्याखालून वर बघायच्या तलावासाठी वेळ आधी नोंदवा.

शहरात फिरायला लूप बस पुरते, दिवसाचा पास 800 येन, दोन्ही दिशांनी फिरते.

सोमवार

निघायचं क्योतोकडे. 16 मार्च 2024 पासून शिन्कान्सेन कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत वाढली आणि क्योतो-ओसाकाला थेट जाणारी थंडरबर्ड एक्सप्रेस आता इथून सुटत नाही, त्सुरुगाला बदलावंच लागतं. बदल सोपा केलाय, शिन्कान्सेन वर तिसऱ्या मजल्यावर आणि थंडरबर्ड बरोबर तिच्या खाली तळमजल्यावर, पण जोडगाडीला साधारण आठच मिनिटं असतात आणि सगळी गाडी एकदम उतरते. बॅगा जड असतील तर सरकत्या जिन्यांच्या जवळचा डबा घ्या, नाहीतर मध्ये एक गाडी सोडून निवांत पुढची धरा. एकूण सव्वादोन तासांच्या आसपास लागतात.

थंडरबर्डला सीट डावीकडची, बिवा तळं त्या बाजूला बराच वेळ साथ देतं, वाटेत कारासाकी स्टेशनही येतं, गाडी थांबत नाही पण बाबांनी पाटी वाचली. आई-बाबांसारखे टुरिस्ट व्हिसावर येणारे असतील तर तोक्यो-कानाझावा-क्योतो-ओसाका या मार्गासाठी होकुरिकु आर्च पास आहे, आमच्यासारख्या इथे राहणाऱ्यांना तो मिळत नाही. तो काढला तर याच क्रमाने जा, तोक्यो, मग कानाझावात निदान दोन रात्री, मग क्योतो. उलट केलंत तर क्योतोच्या गर्दीत दमून कानाझावाला पोचाल आणि पहाटे सहाला बागेत जायचा उत्साह राहणार नाही.